आईची रेडी

प्रवासवर्णन लिहायचे तर लेखकाने निदान काश्मीर तरी पाहिलेले असावे, असा आमच्या स्टाफरूममधील मंडळींचा समज आहे. आम्ही गेलो रेडीला. तेही आईच्या हट्टाने. गेल्या दिवाळीच्या सुटीत मोटार काढायची ठरताच सौ.ने गोव्याचे नाव घेतले आणि चिरंजीवांनी त्याला जोरदार अनुमोदन दिले. पंचाहत्तरी गाठलेली आई शांतपणे म्हणाली, "गोव्याच्या अलीकडे रेडी आहे. मला तेवढी दाखव, मग कुठेही जा."

रेडी हे वेंगुर्ले तालुक्यातले, गोव्याच्या हद्दीला टेकलेले किनाऱ्यावरचे गाव. तेथे एका लोखंडाच्या खाणीवर आमचे वडील टाइमकीपर होते. १९७० साली लग्न होऊन आई तेथे गेली आणि १९७८ साली बिऱ्हाड कोल्हापूरला आले. माझा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे रेडी आईची आणि ताईची. माझ्या वाट्याला नुसती ऐकीव.

आजरा, आंबोली करीत सावंतवाडीला उतरलो. तेथे लाकडी फळे घेण्यात तासभर मोडला. शिरोड्याला मात्र मी गाडी थांबवलीच. वि. स. खांडेकर १९२० साली येथे शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रहही येथलाच. मिठागरांकडे बोट दाखवून मी सुरुवात केली, तोच कन्या म्हणाली, "बाबा, सुटी आहे ना?" निघालो.

कोकणची माती तांबडी असतेच. पण रेडीजवळचा तांबडेपणा निराळा, जांभळटाकडे झुकणारा. जांभ्याचा कठीण थर फोडला की खाली हे खनिज लागते. ते ट्रकमधून धक्क्यावर न्यायचे, तेथून बार्जमध्ये भरायचे आणि समुद्रात दूर नांगरलेल्या बोटीवर चढवायचे. कारण मोठी बोट किनाऱ्याशी येऊ शकत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे सारे बंद. "बोट लागली की तुझे वडील दोन-दोन दिवस घरी येत नसत," आई सांगत होती. "आले की सदरा आधी दाराबाहेर काढायचा. पांढरे कापड म्हणून आमच्या चाळीत कोणाकडे नव्हतेच."

त्या चाळीच्या शोधात आम्ही दोनदा चुकलो. शेवटी आईने एका वळणावर गाडी थांबवायला सांगितली. समोर चाळ नव्हती. होता एक अवाढव्य खड्डा. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेल्या तांबड्या कडा आणि तळाशी हिरवेगार, निश्चल पाणी. मुले गप्प झाली. माझ्या डोक्यात मात्र एक जळजळीत लेख तयार होऊ लागला होता. त्यातली दोन वाक्ये मी मोठ्याने बोलूनही दाखवली.

"मग ताईच्या दुधाचे पैसे कुठून आले असते रे?" आईने विचारले.

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर अजूनही सुचलेले नाही.

जवळच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. दोघींनी एकमेकींना ओळखले नाही. पण चाळीचे नाव निघताच तिने आईचा हात धरला. चाळ केव्हाच गेली होती. आईने विहिरीची चौकशी केली.

"आमची बाव खाणीन खाल्ल्यान गे बाये," म्हातारी म्हणाली.

खाणीची बाजू घेऊन माझ्याशी भांडणारी आई एकदम खाली बसली. त्या विहिरीचे पाणी तिने आठ वर्षे शेंदले होते. ताईच्या वेळी दिवस भरत आले असता शेजारणी तिच्या घागरी भरून देत, त्यांची नावे ती एकेक करून विचारू लागली. म्हातारी एकेकीचे काय झाले ते सांगत होती. आम्ही उभे होतो. सौ.ने गोव्याला उशीर होतो आहे असे एकदाही म्हटले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

मग गणपतीला गेलो. १९७६ साली खाणीच्या जागेतच ही दोन हातांची भव्य मूर्ती सापडली. पुढे उंदीरही सापडला. "त्या दिवशी सारी चाळ ओस पडली होती," आई म्हणाली. "मी ताईला कडेवर घेऊन धावले, आणि चुलीवरचा भात करपला." देवापुढे ती बराच वेळ हात जोडून उभी होती. काय मागितले, ते मी विचारले नाही.

तेरेखोलचा किल्ला पाहून, तरीने खाडी ओलांडून आम्ही त्या रात्री एकदाचे गोव्यात पोचलो. गोव्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे.

चिरंजीवांनी खड्ड्याच्या काठावरून एक दगड उचलून आणला होता. मुठीएवढाच, पण हातात घेतला की दचकायला होते, इतका जड. सौ. तो धुवायला निघाली, तेव्हा आईने अडवले. आता तो माझ्या टेबलावर असतो. पंखा पूर्ण वेगात फिरत असला तरी त्याच्याखालची उत्तरपत्रिका हलत नाही. फक्त वरच्या पानावर एक तांबूस ठसा उमटतो.