पुणेहून कोणी निघते का?

इंद्रायणीकाठच्या आमच्या देहूला वारकऱ्यांची पावले नवी नाहीत. आता त्यांच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे जाणाऱ्यांची वर्दळही आली आहे. ही तरुण मंडळी देशोदेशींच्या माणसांसाठी प्रोग्रॅम लिहितात. तो प्रोग्रॅम परक्या भाषेत न्यायचा कसा, हा प्रश्न मात्र अखेर भाषेच्या माणसाकडे येतो.

माझा एक जुना विद्यार्थी असाच इंग्रजी शब्दांची लांबलचक यादी घेऊन आला. कारखान्यातील हजेरी, रजा आणि बसगाड्या यांचे ॲप त्यांनी केले होते. “सर, एवढ्याचे मराठी करून द्या. पुढे हीच यादी रशियन आणि अरबीत जायची आहे.”

यादीत पहिलाच शब्द ‘लीव्ह’. मी म्हटले, “अरे, ही रजा, की बाहेर पडण्याची आज्ञा?” यादी त्यावर मुकी! पुढे ‘फ्रॉम’. त्याला यंत्र गावाचे नाव जोडणार. इंग्रजीला कोणतेही गाव चालते. आपण देहूहून निघतो, आळंदीहून निघतो, पण पुण्याहून निघतो; ‘पुणेहून’ कोणी निघत नाही. तीच गत ‘सेंट’ची. आपल्याकडे अर्ज पाठवला जातो, चिठ्ठी पाठवली जाते आणि प्रमाणपत्र पाठवले जाते.

हा काही एकट्या मराठीचा हट्ट नव्हे. रशियनमध्ये एक, दोन आणि पाच या संख्यांपुढे नामाची रूपे निरनिराळी होतात. अरबीत द्विवचन वेगळे, आणि लिपी उजवीकडून डावीकडे चालते.

अक्षरांचा प्रश्न पूर्वीच सुटला. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. आज जगभरच्या फोनवर देवनागरी उमटते. पण अक्षर उमटले म्हणजे वाक्य जमले असे नव्हे.

म्हणून जाणकार आधी चौकट सैल करतात. सारा मजकूर प्रोग्रॅमच्या आज्ञांपासून वेगळा काढावा. तुकड्यांऐवजी अखंड वाक्ये द्यावीत. शब्दांचा क्रम बदलण्याची मोकळीक ठेवावी आणि प्रत्येक शब्द कोठे दिसणार तेही सांगावे. विभक्ती जुळत नसेल तेथे ‘निघण्याचे ठिकाण : पुणे’ असे लिहून मोकळे व्हावे. भाषांतर त्यानंतर.

“पण सर, याला दोन महिने जास्त लागतील. साहेबांना यादीच हवी आहे.”

“आणि चाकणच्या कामगाराला काय हवे आहे? आई आजारी म्हणून त्याला एक दिवस रजा हवी, आणि बटणावर दिसते ‘सोडा’. तो बटण दाबील की नोकरीच्या भीतीने हात मागे घेईल?”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “तर मग पहिली परभाषा मराठीच घेऊ. मराठीची विभक्ती आणि लिंगे ज्या चौकटीत मावतील, तिथे रशियनलाही अडचण कमी होईल.” साहेबांनी तूर्त रजेच्या अर्जापुरती परवानगी दिली आहे. सुरुवातीला तेवढी पुष्कळ झाली.

वाचकहो, तुमच्याही घरात असे काम करणारा मुलगा किंवा मुलगी असेल. फराळाच्या वेळी त्यांना एवढेच सांगा : पडद्यावरचे मराठी वाक्य आजीला मोठ्याने वाचून दाखवा. तिला हसू आले, तर काम अजून व्हावयाचे आहे.