उरलं ते सगळ्यांच्या ताटात : सात रात्रींचा काटकसरीचा स्वयंपाक



चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, निघोजे, भोसरी, पिंपरी, आपल्या या सगळ्या पट्ट्यात घराचं घड्याळ कंपनीच्या पाळीवर चालतं. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. भात शिजून तयार असतो आणि फोन येतो, "आज ओव्हरटाइम आहे, कँटीनमध्येच जेवतो." पोरं क्लासहून येताना वडापाव खाऊन येतात. सासूबाई म्हणतात, भूक नाही. मग पातेल्यात दोन माणसांचं जेवण तसंच राहतं. अन्न उरतं ते तुमच्या निष्काळजीपणामुळे नाही. घरातली माणसं एका वेळी ताटावर बसत नाहीत, म्हणून ते उरतं.

पण उरलेल्याचा हिशोब मात्र आपल्यालाच करावा लागतो. आपल्या मध्यम वाटीत साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतो. रोज तेवढ्या तांदळाचा भात फुकट गेला, तर महिन्याला साडेचार किलो तांदूळ गेला. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. म्हणजे घरातल्या एका माणसाचं जवळजवळ सगळं रेशन उकिरड्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज दिला आहे. त्यात सालं-देठंही धरलेली आहेत.

तुम्ही म्हणाल, "आमच्या घरात काही फेकत नाही." खरं आहे. पण फेकलं जात नाही ते कुणाच्या पोटात जातं, ते एकदा बघा. रात्रीची भाकरी, तळाचं कालवण, कडेचा सुकलेला भात हे दुसऱ्या दिवशी घरातल्या बाईच्याच ताटात येतं. ताजं बाकीच्यांना, शिळं आपल्याला. याला आपण काटकसर म्हणतो. पण शिळ्या भाकरीबरोबर डाळ संपलेली असते, भाजी संपलेली असते. उरते चटणी आणि वर चहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याला कारणं बरीच आहेत, पण आपलं ताट हे त्यातलं एक आहे.

म्हणून या लेखाचं म्हणणं एकच आहे : उरलेलं एकट्या बाईने गुपचूप संपवायचं नाही. त्याचा रात्रीचा नवा, पोटभरीचा पदार्थ करायचा आणि तो सगळ्यांच्या ताटात वाढायचा. ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पुरणासाठी डाळ शिजवली की वरचं पाणी आपण ओतून देत नाही, त्याची कटाची आमटी करतो. ती उरलेल्याची आमटी आहे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. उलट वाटी पुढे करतात.

आधी राखण, मग काटकसर

उरलेलं वाचवायचं म्हणून आजारी पडलो, तर दवाखान्यात बचतीच्या कितीतरी पट पैसे जातील. म्हणून हे नियम आधी वाचा.

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरातच आवरा.

भाताला सगळ्यात जास्त जपा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू असतात. त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. भात उरणार हे दिसलं की तो परातीत पसरा, वाफ जाऊ द्या आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशीच संपवा.

फ्रिज नसेल तर दुपारचा भात, आमटी, उसळ रात्रीसाठी ठेवूच नका. मोजून शिजवा. भाकरी आणि चपाती मात्र कोरड्या कापडात रात्रीपर्यंत चांगली राहते.

पुन्हा गरम करताना कडेपासून मधोमध वाफ आली पाहिजे. गरम करायचं एकदाच, आणि तेही लागेल तेवढंच.

कंपनीतून परत आलेल्या डब्यातली भाजी, आमटी, भात घरात कुणी खाऊ नये. आठ-नऊ तास ते उबेत असतं. कोरडी चपाती चालेल.

बुरशी दिसली तर तेवढाच तुकडा काढून बाकीचं खायचं नाही. सगळं टाका. जनावरालाही घालू नका. गरोदर बाई, लहान मूल आणि आजारी माणूस यांना ताजंच वाढा.

आता आठवडा बघू. माप चार-पाच माणसांच्या घराचं धरलं आहे.

सोमवार : आमटीच्या चकोल्या

सकाळची तुरीची आमटी दीड-दोन वाट्या उरली असेल, तर तिच्यात चार वाट्या पाणी घाला. चिंच किंवा आमसूल, थोडा गूळ, काळा मसाला घालून उकळी आणा. दोन वाट्या कणीक तिखट-मीठ, हळद, ओवा घालून घट्ट मळा. चपातीसारखी लाटून शंकरपाळ्याच्या आकारात कापा आणि उकळत्या आमटीत एकेक सोडा. बारा-पंधरा मिनिटं शिजू द्या. कुणी यांना वरणफळं म्हणतं, कुणी चकोल्या. डाळ आणि गहू दोन्ही एका भांड्यात येतात, वेगळ्या चपात्या लाटायला नकोत, गॅसही एकच. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री साडेअकराला येणार असेल, तर त्याच्या वाटणीच्या कच्च्या चकोल्या आणि आमटी फ्रिजमध्ये ठेवा. तो आला की ताज्या उकळा.

मंगळवार : फोडणीची चपाती आणि मटकी

सकाळच्या पाच-सहा चपात्या हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये पीठ करू नका, तुकडे राहिले पाहिजेत. मूठभर शेंगदाणे, दोन कांदे, मिरची, कढीपत्ता, हळद यांची फोडणी करा. कुस्करा घालून पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. पण नुसत्या कुस्कऱ्यावर जेवण भागवू नका. सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ करा आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. उसळ दीडपट करा. जास्तीची दोन वाट्या उसळ लगेच बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा. ती उद्याची आहे.

बुधवार : उसळीचं थालीपीठ

कालची दोन वाट्या उसळ वाटीच्या बुडाने जाडसर चेचा. त्यात दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी बेसन, कांदा, कोथिंबीर, तीळ घाला. उसळीत मीठ-तिखट आहेच, म्हणून चव घेऊन मगच वरून घाला. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाका, मधे भोक पाडून तेल सोडा, झाकण ठेवा. उसळ नको म्हणणारी पोरं थालीपीठ मागून खातात. सोबत ताक किंवा दही.

गुरुवार : खिचडी-कढी, आणि आज काही ठेवायचं नाही

आपल्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात ती बऱ्याचदा गुरुवारी. फ्रिज तासन् तास बंद राहिला की त्यातल्या अन्नाचा भरवसा नाही. म्हणून आज फ्रिजवर अवलंबून न राहणारं जेवण. कोबीचा आतला दांडा, फ्लॉवरचे कोवळे देठ, कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरा. हे आपण बहुतेक वेळा कचऱ्यात टाकतो. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ आणि हे देठ एकत्र घालून कुकरला खिचडी लावा. आंबट झालेल्या चार वाट्या ताकाला दोन चमचे बेसन लावून कढी करा. मंद आचेवर सारखी ढवळा, नाहीतर फुटते. मोजून शिजवा आणि रात्रीच भांडी रिकामी करा. तुमच्या गावात वीज दुसऱ्या वारी जात असेल, तर हा बेत त्या दिवशी घ्या.

शुक्रवार : फोडणीचा भात, अंड्यासह

आज दुपारचा भात उरला असेल आणि तुम्ही तो वेळेत गार करून फ्रिजमध्ये ठेवला असेल, तरच हा बेत. पाच-सहा वाट्या भात हाताने मोकळा करा. कांदा, लसूण, मिरची, हळद फोडणीला टाका, चार अंडी फोडून घाला, हलवून शिजली की भात घाला. वाफ येईपर्यंत परता. अंडी चालत नसतील तर वाटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे घाला. भात बाहेर राहिला असेल तर मन घट्ट करा आणि फेकून द्या. फोडणीने वास झाकला जातो, विष नाही.

शनिवार : ताकातली भाकरी आणि डाळ-पालक

सकाळच्या चार-पाच भाकरींचे तुकडे करा. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, हिंग घाला. तुकडे परतून गॅस बंद करा आणि तीन वाट्या ताक ओता. पाच मिनिटं मुरू द्या. ज्वारीची भाकरी असो की बाजरीची, दोन्ही मऊ होतात, म्हाताऱ्या माणसालाही चावता येतात. सोबत पातळ डाळ-पालक किंवा डाळ-मेथी करा. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह अंगाला कमी लागतं. तासाभराने घ्या.

रविवार : टोपलीच्या तळाची भाजी

आठवड्याच्या शेवटी टोपलीत एखादा बटाटा, अर्धा दुधी, दोन वांगी, गाजर, मूठभर घेवडा असं काहीबाही पडलेलं असतं. एकेकाची भाजी होत नाही. सगळ्यांची मिळून होते. भोगीला आपण हेच करतो. तीळ आणि शेंगदाण्याचा कूट घालून अंगाबरोबर रस ठेवा आणि गरम भाकरी करा. दुधीची साल वेगळी काढून तिळाबरोबर परता, झाली चटणी. घरात रविवारी मटण-चिकन होत असेल, तर रस्सा मोजूनच करा. सोमवार पाळणाऱ्या घरात तो दुसऱ्या दिवशी खाणारं कुणी नसतं.

दोन सवयी लावा

पहिली सवय : रविवारी रात्री आठवड्याच्या पाळीचा कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. कोण कुठल्या दिवशी घरी जेवणार, कोण कँटीनमध्ये, ते ज्याचं त्याने लिहायचं. ओव्हरटाइम लागला तर तांदूळ धुवायच्या आधी फोन करायचा, हे घरात ठरवून घ्या. न शिजवलेला तांदूळ उरला तर तो उद्याही तांदूळच असतो.

दुसरी सवय : वाढताना सगळी ताटं एकदम घ्या, त्यात आपलंही. कुस्करा असेल तर पाचही ताटांत, डाळ असेल तर पाचही ताटांत. "मला नंतर चालेल" हे वाक्य आठवडाभर बंद ठेवून बघा. सुरुवातीला घरच्यांना वेगळं वाटेल. मुलगा विचारेल, "आई, तू आत्ताच बसलीस?" त्याला सांगा, हो.

सात दिवस वहीत तीन रकाने ठेवा : काय उरलं, त्याचं काय केलं, काय टाकावं लागलं. आठव्या दिवशी टाकलेल्याची किंमत काढा. ती बहुतेक वेळा तांदूळ, डाळ आणि गॅस या तीन नावांवर निघेल. वही गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. हप्ते आणि बचत लिहून झाली की दहा मिनिटं यावर बोलू. तुमच्या घरी उरलेल्याचा जो पदार्थ होतो, आजीने शिकवलेला किंवा तुम्हीच काढलेला, तोही सांगा. आणि चौथा रकाना ज्यांना जमेल त्यांनी ठेवा : त्या रात्री मी गरम जेवले का?