मक्षिकास्थाने मक्षिका न जमणारा नकलनवीस

शके १५०६, म्हणजे सन १५८४. पैठणच्या एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच साली. ज्ञानेश्वरी सांगून झाल्याला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षं लोटली होती आणि पोथीवरून पोथी उतरवताना पाठभेदांची गर्दी झाली होती. नकलणाऱ्याचा भाव कितीही शुद्ध असो. डोळा चुकतो, हात चुकतो. कधी दोन पोथ्या समोर ठेवून उतरवताना एकीच्या ओळी दुसरीत शिरतात.

पोलिओचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेली अशीच एक पोथी. आरएनएच्या चार मुळाक्षरांत लिहिलेली सुमारे साडेसात हजार अक्षरं. छापील तीन-चार पानं भरतील, एवढाच ऐवज. ती पेशीत शिरते आणि काही तासांत तिच्या हजारो प्रती तयार होतात.

या प्रती काढतं कोण, हा पहिला पेच होता. आपल्या पेशीला आरएनएवरून आरएनए उतरवायची सवय नाही. तिची मूळ प्रत डीएनएची; ती केंद्रकात जपलेली असते आणि रोजच्या कामापुरत्या आरएनएच्या नकला तिच्यावरून निघतात. १९६०च्या सुमारास प्रयोगशाळांच्या हाती एक युक्ती आली. अ‍ॅक्टिनोमायसिन डी हे औषध डीएनएला चिकटून बसतं आणि पेशीचं स्वतःचं लिखाण बंद पाडतं. पोलिओचं मात्र चालूच राहतं. अशा पेशींना किरणोत्सारी युरिडीन, म्हणजे आरएनएचं खूण केलेलं अक्षर दिलं, की जिथे खूण उमटेल ते लिखाण विषाणूचं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड बाल्टिमोर आणि रिचर्ड फ्रँकलिन यांनी १९६२ मध्ये पोलिओच्या भावकीतल्या मेंगो विषाणूवर काम करून दाखवलं, की बाधित पेशींच्या अर्कात आरएनए जोडणारं एक नवं विकर असतं. निरोगी पेशींत ते सापडत नाही. पुढच्याच वर्षी पोलिओतही ते मिळालं. नकलनवीस विषाणूचा स्वतःचा होता.

आज त्याचा दिनक्रम बराच उलगडला आहे. पेशीतले रायबोसोम आधी पोथी वाचून एक लांबलचक प्रथिन बनवतात. विषाणूच्याच कात्र्या ते कापतात. त्या तुकड्यांतून कवच निघतं आणि नकलनवीसही. त्याचं नाव थ्रीडी पॉलिमरेज. त्याला बसायला जागा हवी, म्हणून पेशीतली पटलं वळवून छोट्या कोठ्या रचल्या जातात. थ्रीडीला पहिलं अक्षर कुणीतरी घालून द्यावं लागतं. ते काम व्हीपीजी या अवघ्या २२ अमिनो आम्लांच्या प्रथिनाकडे. विषाणूच्या आरएनएत केसाच्या पिनेसारखं एक वळण आहे, त्याला सीआरई म्हणतात. तिथल्या ‘ए’ अक्षरांच्या आधाराने व्हीपीजीला दोन ‘यू’ जोडले जातात आणि नकलेचा श्रीगणेशा होतो. प्रथिनापासून सुरू होणारी ही नक्कल अनिको पॉल, एकार्ड विमर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये परीक्षानळीत करून दाखवली. आधी उलट्या अक्षरांचा ठसा निघतो, मग त्या ठशावरून सुलट्या प्रतींची रास.

मक्षिकास्थाने मक्षिका मात्र थ्रीडीला जमत नाही. लिहिलेलं तपासून खोडायची सोय त्याच्याकडे नाही. सरासरीने जवळजवळ प्रत्येक प्रतीत एखादी चूक राहून जाते. शिवाय तो अर्ध्यात एक पोथी सोडून दुसरीवरून पुढे लिहू लागतो.

या चुका विषाणूला नडतात की पावतात? थ्रीडीच्या ६४व्या जागचं एक अमिनो आम्ल बदललं की तो जास्त नेटका लिहितो. २००६ मध्ये राउल आंदिनो यांच्या गटाने असा नेटका विषाणू उंदरांना दिला. तो मेंदूपर्यंत पोचायला कमी पडला. मुद्दाम चुका वाढवल्या, तेव्हा त्याची ताकद परतली. पाठभेद हेच त्याचं भांडवल होतं.

तोंडावाटे देण्याच्या सेबिन लसीचं दुखणंही इथलंच. टाइप २ लसीच्या सौम्यपणाची मोठी मदार ४८१व्या अक्षरावर आहे, आणि आतड्यात नकला होताना तेच अक्षर चटकन मूळपदावर येतं. लसीकरणात खंड पडलेल्या वस्तीत असा विषाणू मुलामुलांत फिरत राहिला, तर लकवा घडवण्याइतका बळावतो. म्हणून २०१६ मध्ये टाइप २चा घटक जगभरच्या नेहमीच्या डोसांतून काढला गेला. परळमधल्या, पूर्वी एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत मुंबईच्या सांडपाण्यातला विषाणू तपासतात, तो रानटी आहे की लसीतून आलेला, हे त्याच्या अक्षरांवरूनच ठरतं.

नव्या एनओपीव्ही-२ लसीत नकलनवीसालाच वेसण घातली आहे. ४८१च्या आसपासचा भाग सहज पालटू नये असा नव्याने लिहिला. सीआरईचं वळण उचलून पोथीच्या सुरुवातीकडे आणलं, म्हणजे पोथीची अदलाबदल करून सुधारलेलं पान टाकू गेल्यास नकलेचा आधारच सुटावा. थ्रीडीत दोन बदल केले : एक चुका कमी करणारा, दुसरा पोथ्यांची सरमिसळ रोखणारा. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये तिला आपत्कालीन वापराची मान्यता दिली.

तरीही २०२३ मध्ये बुरुंडी आणि काँगोत या लसीपासून उपजलेला, लकवा घडवणारा विषाणू सापडला. जुन्या लसीच्या मानाने हे फार क्वचित घडतं, पण घडतं. आणि घडतं ते डोस न मिळालेल्या मुलांच्या वस्तीत. भारतात पोलिओचा शेवटचा रानटी रुग्ण जानेवारी २०११ मधला. त्याला इतकी वर्षं झाली म्हणून पल्स पोलिओचा रविवार चुकवू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर त्याला बूथवर घेऊन जा.