घटपर्णी : बाल्कनीतील शोभा आणि शेतातील गैरसमज

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतींमध्ये काही बाल्कन्यांत टांगत्या कुंडीतून लोंबणारे हिरवे-तांबूस कलश पाहावयास मिळतात. ही घटपर्णी, म्हणजेच नेपेंथिस. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराचे सौम्य हवामान तिला मानवते. रोपवाटिकांत ती ‘डास खाणारे झाड’ म्हणून खपते आणि तेथूनच एक प्रश्न शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतो : पॉलिहाऊसमध्ये अशा कुंड्या टांगल्यास पांढरी माशी व फुलकिडे आटोक्यात येतील काय?

उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. मात्र त्यामागील कारणे कीटकशास्त्राच्या दृष्टीने रोचक आहेत.

कलश हे पानाच्या टोकाचे रूपांतर होय. त्याच्या काठावर मधुरस स्रवतो. काठ कोरडा असता मुंग्या त्यावरून निर्धास्त फिरतात, रस घेऊन वारुळाकडे परततात आणि आपल्या सोबतिणींना घेऊन येतात. दव, पाऊस किंवा वाढती आर्द्रता यांमुळे काठावर पाण्याचा पातळ थर पसरला, की त्यांच्या पायांची पकड सुटते. सापळा दिवसाचा काही काळ निष्क्रिय राहतो, म्हणूनच एकेका वेळी मुंग्यांची झुंड हाती लागते. कलशातील द्रवात पाचक विकरे असतात. त्यांपैकी कायटिनेज हे कीटकांच्या कवचातील कायटिनचे विघटन करते.

सारी रचना प्रामुख्याने रांगणाऱ्या, मधुरसाला भुलणाऱ्या कीटकांसाठी आहे. पानाच्या खालच्या बाजूस चिकटून रस शोषणारी पांढरी माशी किंवा कळीत दडलेले फुलकिडे मधुरसाच्या शोधात काठावर येत नाहीत. शिवाय शत्रुकीटक व मित्रकीटक असा भेद हा सापळा करीत नाही. डासांविषयी तर मौज अशी, की निसर्गात डासांच्या काही जातींच्या अळ्या घटपर्णीच्या त्याच द्रवात सुखेनैव वाढतात. पिवळे चिकट सापळे, कामगंध सापळे आणि ट्रायकोग्रामा यांची जागा ही वनस्पती घेऊ शकत नाही.

तिचे मोल शोभिवंत रोप म्हणून आहे आणि येथे जाती व संकर यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. नेपेंथिसच्या दीडशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. भारतात वन्य स्थितीत एकच आढळते : मेघालयातील नेपेंथिस खासियाना. गारो भाषेत तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये ती संरक्षित असून तिचा समावेश साइट्स कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. रानातून उपटलेले रोप विकणे वा विकत घेणे हा गुन्हा होय. (महाराष्ट्रात घटपर्णी वन्य स्थितीत नाही, कास पठारावरील दवबिंदू आणि सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती अगदी वेगळ्या कुळांतील आहेत.)

संकराला मात्र रानाला हात लावावा लागत नाही. नर व मादी फुले स्वतंत्र झाडांवर येत असल्याने आणि बहुतेक जाती परस्परांशी सहज फळत असल्याने संकर घडविणे सोपे आहे. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेने पहिला कृत्रिम संकर १८६२ मध्येच प्रदर्शित केला. बाजारात सर्रास मिळणारा ‘व्हेंट्राटा’ हा फिलिपिन्समधील दोन जातींचा संकर असून तो छाट कलमाने सहज वाढतो आणि नवख्यांच्या चुकाही सोसतो. संकर रोपे सामान्यतः मूळ जातींपेक्षा जोमदार असतात. व्यवसायाचा विचार करणाऱ्याने आरंभ त्यांपासूनच करावा.

बेंगळुरूत खरी अडचण पाण्याची येते. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने मुळे दुखावतात. पावसाचे किंवा आरओचे पाणी द्यावे. माध्यम निःसत्त्व हवे : धुतलेले कोकोपीट, परलाइट, स्फॅग्नम मॉस. मुळांशी खत घालू नये. फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या काळात नवे कलश धरत नाहीत. रोग समजून फवारणी करण्याऐवजी आर्द्रता वाढवावी. पिठ्या ढेकूण मात्र या कीटकभक्षी झाडालाही सोडत नाही. कोवळ्या पानाच्या बेचक्यात तो आढळताच कापसाच्या बोळ्याने पुसून काढावा. आणि रोप घेताना विक्रेत्याकडून लेबल मागावे : संकराच्या नावात प्रथम मादीचे व नंतर नराचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे. ‘खासियाना’ असे लिहिले असल्यास ते रोप कोठे वाढविले, याचा कागद पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.