दीर्घिकांचा संगम आणि निसटलेला प्रकाश

विश्वातला पहिला अंधार कुणी हटवला, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या वाचनाच्या मुळाशी आहे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवले आणि सर्वत्र उदासीन हायड्रोजन भरून राहिला. पुढच्या साधारण अब्ज वर्षांत त्यातले इलेक्ट्रॉन पुन्हा सुटे झाले. त्यासाठी दर अणूमागे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ९१.२ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण. तप्त, वजनदार ताऱ्यांपाशी ते मुबलक असतात. अडचण एवढीच, की तारे जन्मतात हायड्रोजनच्याच ढगांत, आणि ते ढग नेमके हेच किरण गिळतात. मग ते दीर्घिकेबाहेर पडले कसे?

ते पडू शकतात, याचा एक भक्कम पुरावा पुण्याच्या 'आयुका'तून आला. कनक साहा आणि सहकाऱ्यांनी 'अ‍ॅस्ट्रोसॅट'ने ऑक्टोबर २०१६मध्ये आकाशाच्या एका तुकड्यावर २८ तासांहून अधिक काळ नजर रोखली. ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या एका दीर्घिकेचे आयनकारी किरण त्यांना सापडले. २०२०मध्ये ते प्रसिद्ध झाले. निघताना सुमारे ६० नॅनोमीटरचे असलेले हे किरण विश्वाच्या प्रसरणाने ताणले जाऊन आपल्यापर्यंत आले. हबलचा आरसा २.४ मीटरचा, अ‍ॅस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीचा अवघा ३८ सेंटिमीटरचा!

वाट कशी फुटते, याचा एक धागा 'हारो ११'मध्ये मिळतो. सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या या ठिकाणी दोन दीर्घिका एकमेकींत विलीन होत आहेत आणि तिथूनही आयनकारी किरण निसटतात. आम्हा कोल्हापूरकरांना संगम म्हटले की प्रयाग चिखली आठवते; तिथे पाणी पाण्यात मिसळते. दीर्घिकांच्या संगमात मात्र तारे एकमेकांना न शिवता निघून जातात, कारण त्यांच्यातली अंतरे अफाट असतात. आदळतो तो वायू. तो दाबला गेला की नवे तारे झपाट्याने जन्मतात. गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत उरलेला वायू बाजूला फेकला जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या 'मीरकॅट' रेडिओ दुर्बिणीने हारो ११चा उदासीन हायड्रोजन असाच एका अंगाला सरकलेला दाखवला. पडदा सरकला, उजेड बाहेर आला.

एका दीर्घिकेवरून नियम ठरत नाही. पण आरंभीचे विश्व दाट होते, दीर्घिकांच्या टकरी वरचेवर होत. त्या काळचे आयनकारी किरण वाटेतल्या हायड्रोजनने गिळून टाकले, त्यामुळे ते आपल्याला थेट दिसणे जवळपास अशक्यच. जवळच्या संगमांतून निसटणारा प्रकाश मोजत राहणे, हाच त्या पहिल्या पहाटेपर्यंत जाण्याचा मार्ग आहे.