स्ट्रायकर ते कोच: शब्बीर अली, साळगावकर आणि माझ्या मावसभावाचा गुडघा

ज्यांना एपिसोड पूर्ण ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी अवतार. बोलताना मी बराच भरकटलो होतो, ते छाटलंय. सगळं नाही, थोडंच.

विषय घरातूनच निघाला. माझा मावसभाऊ बल्लारपूरला असतो, वय २३. शाळेपासून पुढे खेळतो, म्हणजे स्ट्रायकर. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावच्या टुर्नामेंट्समध्ये त्याला 'घेऊन' जायचे, जेवण आणि गाडीभाडं देऊन. मागच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. आता मावशीचं म्हणणं, पोलीस भरतीचा नाद सुटलाच आहे तर आयटीआय करून कुठेतरी चिकट. आणि हा मला रात्री साडेअकराला फोन करून म्हणतो, "दादा, मी कोचिंगचं लायसन्स करू का? काहून की मला दुसरं काहीच येत नाही बे."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला काय कळतं? पण मला एक माणूस आठवला, ज्याचं नाव मी पहिल्यांदा मुलचेऱ्यात ऐकलं होतं.

बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, पण गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात बंगाली कुटुंबांची गावंच्या गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं गेलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या रूममेटचं घर तिथलं. त्याचे आजोबा, आम्ही सगळेच त्यांना दादू म्हणायचो, पक्के ईस्ट बंगालवाले. एकदा जेवताना मी गोव्याच्या फुटबॉलचं कौतुक केलं, तर दादूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "ते शब्बीर अलीने आमची लीग नेली." रूममेट म्हणाला, झालं, आता तासभर.

तो तास मला अजून आठवतो.

शब्बीर अली मूळचे हैदराबादचे, जन्म १९५६. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली होती. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. आणि गंमत म्हणजे गोव्याचा साळगावकर क्लबही १९५६ चाच. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला असल्या गोष्टी आवडतात, त्याला इलाज नाही.

१९७४ मध्ये बँकॉकला आशियाई युवा स्पर्धा झाली. भारताचे कॅप्टन शब्बीर अली. फायनल इराणशी, २-२ बरोबरी, आणि दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. भारताच्या ज्युनियर टीमने आशिया पातळीवर ट्रॉफी आणली, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. नंतर ते मुंबईत टाटा स्पोर्ट्सकडून खेळले, पुढे कोलकात्याला मोहम्मेडन स्पोर्टिंगमध्ये गाजले. सत्तर-ऐंशीच्या दशकात देशातल्या सगळ्यात भरवशाच्या स्ट्रायकर्सपैकी एक. २०११ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला, आणि हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू.

इथपर्यंत ठीक आहे. चांगला खेळाडू, पुरस्कार, फोटो. पण दादूंचा राग खेळाडू शब्बीरवर नव्हताच, तो होता कोच शब्बीरवर.

नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली १९९६ मध्ये. पहिली जिंकली पंजाबच्या जेसीटीने, दुसरी मोहन बागानने. तिसऱ्या सीझनला, १९९८-९९ मध्ये, साळगावकरने मारली. कोच शब्बीर अली, टीममध्ये ब्रुनो कुटिन्होसारखा फॉरवर्ड, आणि दुसऱ्या नंबरवर कोण? ईस्ट बंगाल. राष्ट्रीय लीग जिंकणारा साळगावकर हा गोव्याचा पहिला क्लब. दादू मुलचेऱ्यात खरखरत्या रेडिओवर ते ऐकत बसायचे.

आता इथे जरा थांबू, कारण मुद्दा हाच आहे. साळगावकरने त्याआधी फेडरेशन कप तीनदा जिंकला होता: १९८८, १९८९ आणि १९९७. म्हणजे टीम कच्ची नव्हती. मग लीगचं एवढं काय? कप आणि लीग यात फरक आहे, आणि तो फरक म्हणजेच स्ट्रायकर आणि कोच यातला फरक, असं मला वाटतं.

कपात तुम्हाला मोजक्या मॅचेस जिंकायच्या असतात. एखादा स्ट्रायकर भरात असला की तो टीमला खांद्यावर घेऊन जातो. लीग महिनोन् महिने चालते. कोणाचा स्नायू ताणलेला, कोणी सस्पेंड, कोणाच्या घरी लग्न, कुठे पाऊस, कुठे उघडं मैदान. तिथे एक गोल मारून भागत नाही. 'आज एक पॉइंट पुरे' हे ठरवता यावं लागतं. आणि स्ट्रायकरला ते आयुष्यात कोणी शिकवलेलं नसतं! त्याचं अख्खं ट्रेनिंग उलटं. नऊ वेळा चुकलास तरी दहाव्यांदा मार, मागचं विसर, पास देण्याआधी गोल बघ. थोडा स्वार्थी नसेल तर तो स्ट्रायकरच नाही. शिवाय त्याला मैदान दिसतं ते समोरचं. पाठीवर स्टॉपर घेऊन उभा असतो, आपले बॅक मागे काय करताहेत हे त्याला ओरडण्यावरूनच कळतं. कोचला मात्र पाठीमागचंच आधी बघावं लागतं: आपण अटॅक करत असताना बॉल गेला, तर मागे कोण उरलंय?

मला हे पटलं त्याचं कारण माझं स्वतःचं. गेल्या वर्षी मला टीम लीड केलं. पहिले तीन महिने मी काय केलं? पोरांचा कोड रात्री बसून स्वतःच पुन्हा लिहिला. डेडलाईन सांभाळली, पण एक ज्युनियर सोडून गेला. जाताना म्हणाला, "सर, मी लिहिलेलं तुम्ही कधी राहूच दिलं नाही." मी लीड झालो होतो, पण खेळत होतो स्ट्रायकरच.

मग स्ट्रायकरला कोच म्हणून काही फायदा आहे की नाही? आहे. बचाव कुठे फाटतो हे त्याला आतून माहीत असतं, कारण ते फाडणं हाच त्याचा धंदा होता. कुठला स्टॉपर वळायला जड आहे, कुठला साठाव्या मिनिटानंतर रेषा सोडतो, हे तो बघताच ओळखतो. गोल आटलेल्या पोराला कधी सुनवायचं आणि कधी गप्प बसायचं, हेही त्याला जास्त कळत असणार. तो दुष्काळ त्याने भोगलेला असतो.

दादूंचा हिरो मात्र दुसराच. सुभाष भौमिक. तेही फॉरवर्ड, १९७० च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणाऱ्या टीममधले. कोच म्हणून त्यांनी ईस्ट बंगालला २००२-०३ आणि २००३-०४ अशा लागोपाठ दोन लीग जिंकून दिल्या, आणि २००३ मध्ये जकार्त्याला जाऊन आसियान क्लब कप आणला. त्या स्पर्धेआधी टीमचा कॅम्प पंचतारांकित हॉटेलात लावला होता. तेव्हा लोक हसले असतील, आज त्याला 'रिकव्हरी' म्हणतात.

पण माझ्या भावासाठी महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली तेव्हा पडद्यामागे भौमिकच होते, पण कागदावर त्यांचं पद होतं टेक्निकल डायरेक्टर. कारण एएफसीचं ए लायसन्स त्यांच्याकडे नव्हतं. दोन लीग आणि एक परदेशी ट्रॉफी जिंकलेल्या माणसाला कागद आडवा आला. त्यांच्या पिढीला खेळाडू म्हणून नाव हेच लायसन्स होतं, आता ते चालत नाही.

हल्लीची शिडी साधारण अशी: आपल्या फेडरेशनचं डी, मग एएफसीचं सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. वरची पायरी गाठायला खालची लागते, आणि मधल्या काळात खरंखुरं कोचिंग केलेलं दाखवावं लागतं. सुरुवातीचे कोर्स राज्य संघटनेमार्फत होतात, आपल्याकडे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. पतियाळाचा एनआयएस डिप्लोमा ही वेगळी वाट. सरकारी क्रीडा मार्गदर्शकाची नोकरी हवी तर त्याला वजन आहे, क्लबमध्ये बसायचं तर लायसन्सला. दोन्हीत गल्लत करून पैसे घालवू नका.

मोठा खेळाडू असणं गरजेचं नाही, हे खालिद जमील यांच्याकडे बघून कळतं. मिडफिल्डर होते, दुखापतींनी खेळणं लवकर संपलं, २००९ मध्ये मुंबई एफसीचे कोच झाले. २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये थेट भारताचे कोच. अर्थात अशी एक गोष्ट सांगताना शंभर न घडलेल्या झाकल्या जातात, हे मी भावालाही सांगितलं. २०१६ मध्ये साळगावकरनेही आय-लीगमधून अंग काढून घेतलं. तेव्हा चॅम्पियन क्लबच राष्ट्रीय लीगमध्ये उरत नाही, तिथे बल्लारपूरच्या पोराला पगार कोण देणार? शाळा, अकादमी, कंत्राटी काम, उन्हाळी शिबिर. आणि आपला उन्हाळा म्हणजे ४५ च्या वर, शिबिर सकाळी साडेपाचला.

तरी तो ऐकत नाही. गेल्या रविवारी मी घरी गेलो तर मैदानावर चौदा पोरं जमवून बसला होता, पायात नी-कॅप. मी बाजूला उभा राहून बघत होतो. एका पोराने समोर मोकळा गोल सोडून डावीकडे पास दिला, आणि पास चुकला. मला वाटलं हा आता पेटणार. तो फक्त म्हणाला, "बराबर बघितलं होतं तू. पाय जरा अजून उघड." मग स्वतः मारून दाखवायला बॉल ओढला, गुडघ्याकडे बघितलं आणि बॉल परत त्या पोराला दिला.

फीचे पैसे मी देतोय. मावशीला अजून सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी विदर्भातून डी लायसन्स केलं असेल तर मला जरूर लिहा, राहायची सोय कशी केली तेवढं तरी सांगा.