हिंसेची फाइल एकीकडे, मुलाची दुसरीकडे

'कौटुंबिक हिंसा आणि मुलांचा ताबा' असा विषय घेतला की पहिला विचार एकच येतो: पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जाऊ आणि फाइली बघू. मीही तेच ठरवलं होतं. मग भोर-वेल्ह्याचा नकाशा समोर ठेवला आणि कळलं, आपलं सॅम्पल इथेच चुकतंय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सासर भोर तालुक्यात, माहेर शिरवळला. नवरा मारतो म्हणून बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी येते. अंतर थोडंच, पण नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो.

आता कायदा बघा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार, बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही तिला अर्ज करता येतो. म्हणजे माहेर चालतं. कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलीचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. वडिलांच्या भेटीनं मुलीच्या हिताला धोका वाटला, तर भेट नाकारतातही.

पण कायमच्या ताब्यासाठी वडील १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करतात, तेव्हा कलम ९ विचारतं: मूल 'सामान्यतः' कुठे राहतं? वडील म्हणणार भोर, म्हणजे पुणे जिल्हा न्यायालय. आई म्हणणार शिरवळ, म्हणजे सातारा. 'तात्पुरतं' आणि 'सामान्यतः' या दोन शब्दांमुळे एकाच घरातल्या दोन फाइली दोन जिल्ह्यांत जाऊ शकतात. आणि कौटुंबिक न्यायालय? १९८४ च्या कायद्यानं ते सक्तीचं केलं ते दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी. त्याच्या हद्दीबाहेरच्या गावांतली प्रकरणं तिथे सापडणार कशी?

या फाइली एकत्र येऊच शकत नाहीत, असं नाही. २००५ च्या कायद्यातले दिलासे कलम २६ नुसार दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयातही मागता येतात. पण ते कुणीतरी मागावं लागतं.

१८९० चा कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींत मुलाचं कल्याण महत्त्वाचं आहे, पण 'कौटुंबिक हिंसा' हे शब्द नाहीत. हिंसा आत येते ती आडवाटेनं, म्हणजे 'कल्याण' किंवा पालकाचं 'चारित्र्य' (कलम १७) यांतून. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात सांगितलं की पत्नीच्या छळाचा आणि मृत्यूचा खटला वडिलांवर चालू असताना, ताबा ठरवताना तो विचारात घ्यायलाच हवा होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी मूल वडिलांना दिलं होतं.

मग संशोधन करायचं कसं?

एक, सुरुवात कोर्टापासून नको, मुलाच्या प्रवासापासून करा. भोरच्या फाइली बघताना नदीपलीकडच्याही बघा. वेल्ह्याचं नाव आता राजगड झालंय, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.

दोन, ताबा कुणाला मिळाला एवढंच नोंदवू नका. आदेशात हिंसेचा उल्लेख आहे का? पुरावा तपासला का? भेटीच्या अटी त्यामुळे बदलल्या का? हे तीन वेगळे रकाने ठेवा.

तीन, रकाना रिकामा आला तर 'हिंसा नव्हती' असं लिहू नका. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको: शून्य मोजणं वेगळं आणि मोजलंच नाही हे वेगळं.

आणि गावाचं नाव प्रबंधात टाकू नका. वेल्ह्यातल्या छोट्या गावात 'सहा वर्षांची मुलगी, आई माहेरी' एवढ्यावर घर ओळखू येतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? त्या मुलीला दर रविवारी कुणाच्या हाती सोपवायचं, हे ठरवणाऱ्यासमोर दुसरी फाइल होती की नाही, एवढं तरी आपल्याला सांगता यावं म्हणून.